बोटांना ठाऊक असलेला आकडा

इस्त्रीचा चटका बसून उजव्या हाताची तीन बोटं पट्टीत गेली, आणि शिवणकाम करणाऱ्या बाईंना कळलं, की कपाटाच्या कुलुपाचा आकडाही त्यांच्यासोबत पट्टीत गेलाय.

कपाटात बाईंनी थोरल्या वन्संसाठी शिवलेला कोट होता. वन्सं समोर उभ्या होत्या. तासाभराने त्यांचा निवृत्तीचा समारंभ होता.

"उघड की गं," वन्सं म्हणाल्या.

बाईंनी डाव्या हाताने चार आकडे दाबले. कुलूप केकाटलं.

"आकडा काय आहे?" नवऱ्याने विचारलं.

"मला काय माहीत? तो बोटांना माहीत असतो!"

आठवणींची बाईंनी चोख वाटणी केली होती. किल्ल्या, तारखा, गॅसवरचं दूध ही डोक्याची आठवण, ती गळकी. शिवण आणि कुलूप ही हाताची, ती बिनचूक. कोण कधी काय बोललं, ही मनाची. ती तर आपल्याकडे नाहीच. "मी बाई मनात काही ठेवत नाही," हे त्या मापं घेता घेता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत.

पट्टी सोडून त्यांनी बोटं हवेत नाचवली. बोटं नुसती ठणकली. डोळे मिटून दाबून पाहिलं. पुन्हा केकाटणं.

"आता एकदाच," नवरा म्हणाला. "चुकलं तर उद्यापर्यंत बंद."

"मग मी काय बिनकोटाची भाषण करू?"

"थांब गं ताई." नवरा बायकोकडे वळला. "अगं, कुलूपवाला काय म्हणाला होता? काही झालं तरी विसरणार नाही असा आकडा टाका. मला बाहेर पाठवून तू तो आकडा टाकलास बघ!"

बाईंना लख्ख आठवलं. वन्संचा पन्नासावा वाढदिवस. बाईंनी त्यांच्यासाठी शिवलेल्या जाकिटाचं बटण उडून पाहुण्याच्या चहात पडलं होतं, आणि वन्सं भरल्या घरात म्हणाल्या होत्या, "हिला साधं बटण लावता येत नाही." त्याच आठवड्यात हे कुलूप आलं होतं.

"आठवलं?" नवऱ्याने विचारलं.

"छे!" बाईंचे कान तापले. नजर नको तिथे, बटणांच्या डब्यावर जाऊन बसली.

वन्संनी त्या कानांकडे पाहिलं. मग डब्याकडे. पुढे होऊन त्यांनी शांतपणे चार आकडे दाबले. दार उघडलं.

"ताई, हा तर तुझा वाढदिवस!" नवरा गहिवरला. "बघ, केवढा जीव आहे हिचा तुझ्यावर!"

"वन्सं, ते मी केव्हाच विसरले हो," बाई पुटपुटल्या.

"मीसुद्धा," वन्सं म्हणाल्या, आणि कोट अंगात घालण्याआधी त्यांनी एकेक बटण ओढून पाहिलं.