मागची मोठी चकती

"आता उधव्याहून फोन आला ना, तर मामी फोन ठेवायच्या आत मी तिच्या अंगणात असेन!" घोलवडच्या गॅरेजात उभं राहून सुकऱ्याने जाहीर केलं.

आपला नवा जिल्हा झाला, त्याच्या दुसऱ्या वर्षातली ही गोष्ट. तिकडे उधव्याला लहान्यामामा अंथरुणाला खिळला होता. बाप लवकर गेला तेव्हा याच मामाने सुकऱ्याला खांद्यावर घेऊन वाढवलं. आता मामाचं एकच मागणं होतं: शेवटचं पाणी सुकऱ्याच्या हातचं हवं. सुकऱ्या घोलवडला चिकूच्या वाडीत कामाला. वाट लांबची, मोटारसायकल म्हातारी, तिची चेन आणि दातेरी चकत्या झिजलेल्या. बदलायच्याच आहेत, तर मागच्या चाकाची चकती मोठीच का नको?

"मोठी?" गॅरेजवाला दिपेश चपापला. "ती ओझं वाहणारे बसवतात, दादा. गाडी ओढेल मस्त, पण..."

"बैलगाडीचं चाक मोठं असलं, तर एका फेरीत जास्त वाट कापते की नाही?"

"कापते, पण..."

"मग बसव!"

सुकऱ्याचा हिशेब चाकापुरता अगदी बरोबर होता. चूक एवढीच, की चकती काही रस्त्याला टेकत नाही. तिला चेन फिरवते. दाते जितके जास्त, तितक्या तिच्या एका फेरीसाठी इंजिनाच्या फेऱ्या जास्त. ताकद वाढते, वेग जातो. पण दिपेशचा तो 'पण' शेवटपर्यंत ऐकायला सुकऱ्याला सवड कुठे होती! मोठी चकती बसली, तिच्या मापाची लांब चेन बसली, जुनी चकती भंगारात गेली.

आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी जिवलीमामीचा फोन आला. "निघ रे सुकऱ्या. डोळे उघडतो नि तुझंच नाव घेतो."

बायकोला, रूपीला, मागे बसवून सुकऱ्याने गाडी सोडली. दावं सुटलेल्या वासरासारखी ती उसळली!

"बघितलंस?" सुकऱ्या ओरडला.

"बघितलं! पुढे बघ तू!"

पण पुढे बघून उपयोग नव्हता. बघता बघता गिअर संपले. इंजिन मान पकडलेल्या कोंबडीसारखं किंचाळायला लागलं, आणि काटा चाळिशीला अडून बसला. बाजूने बकऱ्यांचा टेम्पो पुढे गेला. बकऱ्या बराच वेळ दोघांकडे बघत होत्या.

"बकऱ्या गेल्या पुढे," रूपी म्हणाली.

"जाऊ दे. चढ येऊ दे!"

चढ आला, आणि खरंच, एका भरलेल्या ट्रकला गाडीने मागे टाकलं! सुकऱ्याची छाती फुगली. सपाटी लागली तसा तोच ट्रक पुन्हा पुढे गेला, आणि जाता जाता ड्रायव्हरने प्रेमाने हात हलवला.

"जुनी चकती कुठाय?" रूपीने विचारलं.

"भंगारात."

"मी उतरून पळत जाऊ का? निदान एक तरी पोचेल!"

सुकऱ्या हसला नाही. त्याने गाडीची मूठ पार पिळून धरली. तलासरी गेली, हायवे मागे पडला, सावल्या लांबल्या. गाडी ओरडत राहिली आणि रस्ता संपता संपेना. "थांब मामा, आलोच," तो पुटपुटत होता.

उधव्याच्या अंगणात माणसं गप्प बसली होती. गाडी बंद केल्यावर ती शांतता जास्तच मोठी झाली.

मामी दारात आली. हातात पाण्याचा लोटा तसाच भरलेला.

"आत्ताच गेला रे," ती म्हणाली. "तू टेकडीच्या पलीकडे होतास, तिथूनच त्याने आवाज ओळखला. बोलला, 'आला बघ माझा सुकऱ्या! केवढ्या जोरात हाणतोय!' आम्ही त्याला टेकवून बसवलं. मग आवाज येतच राहिला, येतच राहिला..."

सुकऱ्याने लोटा घेतला. आत जाऊन त्याने मामाच्या ओठांवर पाणी सोडलं. ते गालावरून ओघळून उशीत मुरलं.

"काही बोलला का शेवटी?" त्याने कसंबसं विचारलं.

"बोलला ना. 'पोराला सांगा, एवढी जोरात नको चालवत जाऊ. कुठे पडलाबिडला तर?'"

सुकऱ्याने मान खाली घातली. "नाही चालवणार, मामी."

रूपीला टेम्पोतून पुढे गेलेल्या बकऱ्या आठवल्या.