भरे गावचा ज्वालामुखी

“मुळशी तालुक्यात ढग शिरला की त्याची चौकशी मी करतो. जगात कुठंही डोंगर फुटला की त्याचा तपास माझ्याकडं येतो. पोलिसांना चोर सापडतात, कारण चोराला पाय असतात. मी वाऱ्याचा माग काढतो. निसर्गाचा गुप्तहेर विठ्ठलराव, मुक्काम भरे.”

माझे चुलते विठ्ठलराव अण्णा आपली ओळख अशी करून देतात. मागं गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालाही त्यांनी ती करून दिली. तो म्हणाला, “ओटीपी सांगा.”

मी किशोर. पिरंगुटच्या एका कारखान्यात पाळीवर कामाला आहे आणि उरलेल्या वेळात अण्णांचा सहायक. या नेमणुकीच्या वेळी मी हजर नव्हतो.

अण्णांनी जमिनीवर खोल्या बांधून भाड्यानं दिल्यापासून त्यांचा दिवस मोकळा असतो. अशाच एका मोकळ्या दुपारी मोबाइलवर चुकून आइसलँडचा ज्वालामुखी उघडला आणि अण्णा संध्याकाळपर्यंत जागचे हलले नाहीत. पुढं त्यांनी ‘मुळशी ज्वालामुखी व हवामान मंडळ’ काढलं. सभासद सकाळी आपापल्या गच्चीवरचं तापमान कळवतात आणि दिवसभर कुठं धूर निघतोय ते बघत बसतात. मंडळात सगळ्यात हौशी म्हणजे समोरच्या घरातल्या मोनिकाताई. त्या हिंजवडीला नोकरी करतात आणि इंडोनेशियातल्या ज्वालामुखींची नावं न अडखळता घेतात, म्हणून अण्णांना त्यांचा आदर आहे आणि थोडी भीतीही.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी अण्णांनी मला गच्चीवर बोलावलं. पर्जन्यमापकात पाऊस नव्हता. राखाडी, तांबूस, मऊ भुकटी होती.

“हात लावू नकोस,” अण्णा म्हणाले. “राख हाय.”

“वीटभट्टीची असंल.”

“किशा, साधा माणूस जवळचं बघतो. वारा कुठनं येतोय?”

“पश्चिमेकडनं.”

“पश्चिमेला काय हाय?”

“मोनिकाताईंचं घर.”

“त्याच्या पल्याड?”

“ताम्हिणी.”

“त्याच्या पल्याड?”

“समुद्र.”

“आन त्याच्या पल्याड आफ्रिका,” अण्णा म्हणाले. “तिथला कुठला तरी डोंगर फुटलाय.”

दिवसभर त्यांनी आफ्रिकेतले सगळे डोंगर मोबाइलवर तपासले. सगळे गप्प होते. त्यावर अण्णांचं मत पडलं की डोंगर लपवाछपवी करतोय.

दुसऱ्या सकाळी मात्र आफ्रिका संशयातून सुटली. फळीवरची भांडी थरथरली आणि कुठून तरी खोल गुरगुर ऐकू आली. अण्णा पालथे पडून फरशीला कान लावून होते. त्यांनी मलाही झोपवलं.

“ऐकू येतंय?”

“माझं पोट गुरगुरतंय अण्णा. रातपाळी करून आलोय.”

“पोटातच गुरगुरतंय, पण जमिनीच्या. आपला सह्याद्री म्हणजे काय? थिजलेला लाव्हा. शाळेत शिकलोय आपण. ज्याला थिजता येतं, त्याला वितळताबी येतं.”

त्यांनी लगेच मोनिकाताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “मला काहीच जाणवलं नाही हो काका. त्या वेळी मी हेडफोन घालून आइसलँड बघत असते. तिथं मात्र रोज भयंकर गुरगुरतंय.”

अण्णांनी फोन ठेवला. चेहरा पांढरा पडला होता. “दोन्हीकडं एकाच येळेला. किशा, आतनं जोडलेलं हाय.”

मग त्यांनी गच्चीभर पराती आणि धुतलेली धोतरं पसरून राख गोळा करायला सुरुवात केली. रोज सकाळी मी ती मऊ ब्रशनं झाडून स्टीलच्या डब्यात भरायची. डब्याला कोरडी जागा हवी म्हणून अण्णांनी तो स्वयंपाकघरात ठेवला. इथवर सगळं घरातच होतं. पण आठवड्यानं अण्णांनी गावाच्या ग्रुपवर आवाज टाकला: “भऱ्याच्या पोटात ज्वालामुखी जागा होतोय. घाबरू नका, मी लक्ष ठेवून हाय.”

शेवटचं वाक्य कुणी ऐकलंच नाही.

संध्याकाळपर्यंत हा आवाज तालुक्यातल्याच चांदे गावाला पोचला. अण्णांच्या एकुलत्या एक मुलीचं, पिंकीचं, चांद्याला जमत आलं होतं. ती पिरंगुटला औषधांच्या दुकानात आहे, मुलगा इंजिनियर. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, फक्त सुपारी फुटायची राहिली होती. मुलाचे आजोबा गेणबा यांचा फोन आला. “इठ्ठलराव, तुमची जमीन हलती म्हनं. आमी रविवारी येतो. बघतो आन मग काय ते ठरवू.”

पिंकी आरडाओरडा करणारी नाही. ती अण्णांसमोर बसली आणि म्हणाली, “अण्णा, तुमी म्हणा की चूक झाली.”

“पुरावा हाय पोरी.”

“माझ्यापेक्षा पुरावा मोठा हाय?”

“तू ह्याच जमिनीवर झोपतीस,” अण्णा म्हणाले. “म्हणून तर.”

ती उठून गेली.

रविवारी गेणबा आले, बरोबर मुलगा आणि त्याचे आईवडील. जेवणाशिवाय बोलणं नको, असं धोंडाकाकींनी आधीच बजावलं होतं. धोंडाकाकी म्हणजे अण्णांच्या मंडळी. कोंबडीचा रस्सा आणि गरम भाकरी झाली. पाहुणे जेवत असतानाच अण्णा उभे राहिले. “आता पुरावा सादर करतो,” म्हणून त्यांनी फळीवरून डबा काढला, झाकण उघडलं आणि आत बघत राहिले.

“ह्यातली राख कुटं गेली?”

“राख कसली?” काकी चुलीपासून म्हणाल्या. “नाचणीचं पीठ व्हतं त्यात. थोडंच व्हतं म्हणून तांदळाच्या पिठात मिसळलं आन भाकरी थापल्या.”

सगळ्यांचे हात ताटात थांबले. पिंकीनं डोळे मिटून घेतले. गेणबा मात्र घास चावत राहिले. सावकाश गिळून झाल्यावर म्हणाले, “ज्वालामुखी चवीला बरा हाय.”

एवढ्यात गुरगुर सुरू झाली. फळीवरची भांडी वाजायला लागली. मुलाची आई पदर सावरत उठली. अण्णा दारात हात पसरून उभे राहिले आणि म्हणाले, “बायामाणसं आधी.” पिंकी आवाजाचा कानोसा घेत त्यांच्या हाताखालून वाकून बाहेर पडली, गल्ली ओलांडून सरळ समोरच्या घरी गेली. तिच्या मागोमाग तो मुलगा. मग आम्ही सगळे.

दार उघडंच होतं. आतल्या खोलीत भिंतीला चिकटून पीठ दळायची एक भली मोठी घरघंटी थडथडत होती. खिडकीतला पंखा नाचणीच्या पिठाचा लोट थेट अण्णांच्या गच्चीकडं फेकत होता. समोर मोनिकाताई, पापण्यांपर्यंत राखाडी, कानाला हेडफोन लावून मोबाइलवर लाव्हा बघत बसल्या होत्या.

पिंकीनं बटण बंद केलं. गुरगुर थांबली. मोनिकाताईंनी मोबाइलकडं बघितलं, एक हेडफोन काढला आणि म्हणाल्या, “अरे, आइसलँड शांत झालं.”

आम्हाला बघून त्या ओशाळल्या. नाचणीच्या पिठाची पाकिटं करून विकायचा त्यांचा विचार होता. पाकिटं छापून आली की मंडळाला सांगायचं म्हणून गप्प होत्या.

घरी परत येताना अण्णा सगळ्यात मागं होते. आता सोयरीक गेली, असं त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं. घराच्या बाजूला त्यांचा टेम्पो रस्त्याकडं तोंड करून उभा होता. गेणबा तिथं थांबले आणि ताडपत्री वर करून आत डोकावले.

“हे काय भरून ठिवलंय?”

“पळायची येळ आली तर असावं म्हणून,” अण्णा खाली बघत म्हणाले.

आत पिंकीची भांडी होती, काकींनी तिच्यासाठी शिवलेल्या गोधड्या होत्या, तिचं कपाट, तिची कॉलेजची पुस्तकंसुद्धा. अण्णांचा एक सदराही नव्हता. वाऱ्याचा वेग मोजायचं जीवापाड जपलेलं यंत्र तर गच्चीवरच होतं.

गेणबांनी ताडपत्री नीट खाली सोडली. “माणूस येडा हाय,” ते मुलाच्या वडिलांना म्हणाले, “पण घर चांगलं हाय. सुपारी काढा.”

पिंकीनं अण्णांच्या खांद्यावरचं पीठ झटकलं आणि हात तिथंच राहू दिला. अण्णांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं.

पाहुणे गेल्यावर टेम्पो रिकामा करायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. कपाट उतरवताना मला सहज एक शंका आली.

“अण्णा, म्होरं तुमी, काकी आन पिंकी. मागं सामान. मग मी कुटं बसणार व्हतो?”

“तू?” अण्णांना प्रश्नच कळला नाही. “तू हितंच थांबणार व्हतास. शेवटपर्यंत वारा मोजायला कुणी नगं?”