महाखारीची धून आणि रेवाची जागा

बाळांनो, शेपट्या आवरून नीट बसा. एका जंगलात सिनेमा आला होता.

सगळे प्राणी काळ्या कातळासमोर बसून 'महाखार' बघत. महाखार म्हणजे दिसायला साधी खार. संकट आलं की पळसाचं पान पाठीला बांधून उडायची आणि जंगल वाचवायची. जंगल दर सुट्टीत संकटात यायचं.

महाखारीचे सिनेमे दोन. जुन्याला संगीत हत्तीबुवांचं, नव्याला रातकिडेसाहेबांचं. हत्तीबुवांनी सोंडेतून अशी धून काढली होती, की पिल्लं अंघोळ करतानासुद्धा ती म्हणत. रातकिडेसाहेबांनी धून काढलीच नव्हती. ते एकच सूर धरत आणि वाढवत नेत. इतका, की ऐकणाऱ्याच्या पोटातलं बोर हलायचं.

त्याच जंगलात एका बोरीवर सातभाई पक्ष्यांचं एकत्र कुटुंब होतं. सातभाई फांदीवर खेटून बसतात, हे तुम्ही पाहिलं असेल. या घरात मात्र फांदीच्या मधोमध फट होती. एका बाजूला घरातले थोरले नाना आणि हत्तीपक्ष. दुसऱ्या बाजूला त्यांची लेक चिमा आणि रातकिडेपक्ष.

अशा घरात रेवा लग्न होऊन आली. रेवा कमी बोलायची. सातभाईंमध्ये हा आजार समजतात. माहेरच्यांनी तिला सुतारपक्ष्याला दाखवूनही आणलं होतं.

घरचा रिवाज असा, की नव्या सुनेनं आधी पक्ष सांगायचा, मग फांदीवर बसायचं. तोवर वरची काटेरी डहाळी. थंडीचे दिवस होते. खाली सगळे एकमेकांच्या पंखांत शिरून बसत, आणि रेवा वर काटे चुकवत बसे.

तिचा नवरा वामन हत्तीपक्षात होता. म्हणजे नानांसमोर. नाना पेंगले की तो हळूच एकच सूर धरायचा.

"अगं, काहीतरी सांगून टाक ना," तो खालून पुटपुटला. "मला एका अंगानं गार लागतंय."

"विचार करतेय," रेवा म्हणाली.

खरं तर तिला वाटायचं, ही सगळी खुळी आहेत आणि आपणच काय त्या शहाण्या. वरच्या डहाळीवरून तसं वाटतंच. तिनं एक उत्तर तयार केलं होतं. ते तिला इतकं आवडलं, की दिवसभर चोचीत घोळवलं. बोलताना मान कुठं वळवायची, तेही ठरवलं.

संध्याकाळी नानांनी विषय काढलाच. "काय सूनबाई, हत्तीबुवा ना? धून कशी गुणगुणता आली पाहिजे. त्या किड्याचं काय गुणगुणणार? किर्र?"

"नाना, तुमची धून ऐकून महाखार येतेय असं वाटतच नाही, वरात येतेय असं वाटतं!" चिमा म्हणाली. "वहिनी, तू सांग गं."

रेवानं मान वळवली. "मला ना, महाखार झेप घेते त्याच्या आधी संगीत थांबतं, ती शांतता आवडते."

फांदी गप्प झाली. सातभाई गप्प झालेले पाहून शेजारचा होला धावत आला. "काय हो, कुणी गेलं का?"

रेवा नम्रपणे कौतुकाची वाट बघू लागली.

"कुठल्या सिनेमातली शांतता?" नानांनी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे हत्तीबुवांचीच असणार. घरंदाज शांतता!"

"काहीतरीच! हत्तीबुवा दम लागला म्हणून थांबतात," चिमा उसळली. "शांतता करावी ती रातकिडेसाहेबांनी. बोरीचं पान पडलं तरी ऐकू येतं!"

काय ही पाखरं, म्हणून रेवाला हसू आलं. आता चोच उघडायची नाही, असं तिनं ठरवलं. पण पानाचं ऐकून तिला राहवेना.

"पान कसलं ऐकू येतंय? तुमच्या साहेबांच्या शांततेतसुद्धा मागे बारीक किर्र चालूच असते! खरे थांबतात ते हत्तीबुवा! लावा परत सिनेमा, दाखवते!"

होला घाबरून उडाला.

रेवा भानावर आली, तेव्हा ती नानांशेजारी फांदीवर होती. दोन्ही अंगांनी ऊब होती. सासऱ्यांनी स्वतः सरकून जागा केली होती.

वामन मात्र तिथं नव्हता. बायकोचा आवाज ऐकून त्यालाही धीर आला होता. तो उठून चिमाच्या बाजूला जाऊन बसला होता.

"अजून एका अंगानं गारच आहे गं," तो फटीपलीकडून म्हणाला.

"सूर धरा," रेवा म्हणाली. "ऊब येईल."

तात्पर्य : भांडणाऱ्यांपेक्षा गप्प बसणारा शहाणा असतो, हे खरंच आहे, बाळांनो. म्हणूनच त्याला काट्यांवर बसवतात. थंडी पडायच्या आत प्रत्येकानं आपला खुळेपणा निवडून ठेवावा. आणि लग्न झालेलं असल्यास, जोडीदाराला आधी विचारून.