तीनशे बारा चौकटी

"अर्ध्या तासाचं काम आहे हे, बाबा."

एका रविवारी तळेगावच्या घरी, दुसरा चहा पिता पिता, मी मोठ्या तोऱ्यात हे वाक्य टाकलं. तोऱ्याला कारण होतं. मी पुण्यात पुस्तकांची मांडणी करते, आणि गणिताची पुस्तकं लाटेक नावाच्या संगणक-प्रणालीत करते. म्हणजे पान माऊसने ढकलत बसायचं नाही. आज्ञा लिहून द्यायच्या, यंत्राने मुकाट्याने पान जुळवायचं. मुकाट्याने हे आपलं म्हणायला.

बाबा, म्हणजे माधवराव सर, निवृत्त झाल्यापासून दर मंगळवारी लोकलने मळवलीला उतरायचे आणि चालत भाजे गावच्या शाळेत गणित शिकवायला जायचे. तिथल्या मुलांसाठी त्यांनी चौसष्ट पानी पुस्तिका लिहिली होती. लेण्यांच्या पायऱ्या, भाताची रोपं, विसापूर किल्ला चढताना अर्ध्यावर बसलेले पाहुणे, सगळ्यांची गणितं. पण टाइप केलेली एका पुरातन फॉन्टमध्ये! माझ्या संगणकावर 'त्रिकोण' असा दिसे, जणू की-बोर्डवर मांजर झोपून गेलंय. शिवाय आकडेमोडीला जागा हवी म्हणून त्यांनी प्रत्येक गणिताखाली चाळीस-पन्नास वेळा स्पेसबार दाबलेला. लाटेक कितीही स्पेस दिल्या तरी एकच धरतं. बाबांची सगळी मोकळी जागा त्याने एका घासात गिळली होती. ते सगळं मी निस्तरलं होतं. एकच उरलं होतं.

"उणे चिन्ह आखूड आलंय," बाबा चष्मा कपाळावर चढवत म्हणाले. "ही शब्द जोडायची रेघ आहे. वजाबाकी अशी चोरून करायची नसते."

"पुढच्या रविवारी करते."

"बरं. पण पुस्तक वाचलंस का?"

"वाचलं की. छान आहे."

मांडणी करणारी माणसं पान बघतात, वाचत नाहीत. पण बाबा इतके खूश झाले की त्यांनी तिसरा चहा टाकला. मंगळवारी सकाळी मळवलीला जायचे बूट घालताना ते गेले.

दहा-अकरा महिने मी ती फाइल उघडली नाही. मग ठरवलं, पहिल्या स्मृतिदिनाला पुस्तिका मुलांच्या हातात पडली पाहिजे, आणि तिच्यात एकही चूक असता कामा नये. बाबा आलेल्या लग्नपत्रिकेतल्या चुकांखालीसुद्धा लाल रेघ मारून ठेवायचे. त्यांचं पुस्तक चुकलं तर मी तळेगावात तोंड दाखवू शकले नसते.

तर मी फाइल उघडली आणि एका आज्ञेत सगळ्या आखूड रेघा काढून त्या जागी खरं, लांब, रुबाबदार उणे चिन्ह बसवलं. पडद्यावर झकास दिसलं. यंत्राने पान जुळवलं आणि सोबत चार हजार ओळींचा अहवाल दिला. तो मी वाचला नाही. तो कोणीच वाचत नाही. चौसष्ट पानं आहेत ना? आहेत. पाठवून दिली.

छापखाना तळेगावातच, यशोधनचा. त्याने शंभर प्रती छापल्या, गठ्ठे परस्पर शाळेत पोचवले आणि एक प्रत आमच्या दारातून आत सरकवली. स्मृतिदिनाच्या शनिवारी सकाळी तळेगावला येऊन ती मी उचलली आणि शाळेत जायला गाडीत बसल्यावर उघडली. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'सरांचे दोन□चार शब्द'.

पुढे 'आई□वडील'. पुढे 'चढ□उतार'. पुढे '१२ □ ५ = ७'. मराठी फॉन्टमध्ये ते रुबाबदार उणे चिन्ह नव्हतंच! पडद्याने ते दुसऱ्या फॉन्टकडून उसनं आणून दाखवलं होतं. लाटेक उसनवारी करत नाही, रिकामी चौकट छापून मोकळं होतं. अहवालात त्याने हे तीनशे बारा वेळा सांगितलं होतं.

मी यशोधनला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "आसावरीताई, गणिताचं पुस्तक म्हटल्यावर चौकटी असणारच. मला वाटलं, मुलांनी भरायच्यात. ठसठशीत आल्यात ना?"

मग शाळेच्या श्रद्धा मॅडमना फोन. पुस्तकं वाटू नका, एवढंच सांगायचं होतं. त्या माझं बोलणं तोडून म्हणाल्या की सरांनी प्रत्येक ओळीत मुलांना कृती दिलीय, वरून साहेबही आम्हाला हेच तर सांगतात, आणि मुलं केव्हाच भरायला बसलीत. मी गाडी दामटली. मळवलीच्या पुढे विसापूरला निघालेल्या पाहुण्यांच्या गाड्यांची रांग लागली होती. बाबांच्या पुस्तकातलं एक गणित याच रांगेवर होतं असं नंतर कळलं. तेव्हा मी फक्त हॉर्न वाजवत होते.

शाळेत पोचले तेव्हा वर्गात परीक्षेसारखी शांतता. शंभर पेन्सिली चालू होत्या. मी पहिल्या रांगेतली पुस्तकं गोळा करायला लागले, तोच खिचडी शिजवणाऱ्या कमळाबाईंनी मला अडवलं. बाबा दर मंगळवारी त्यांच्याकडची भाकरी खायचे.

"आगं, कुटं नेती पुस्तकं?"

"मावशी, चूक झालीय. त्या चौकटी चुकून आल्यात."

"चुकून कशा? पोरांनी लय नीट भरल्यात. हितं बस आन् बघ."

बसले. 'आई□वडील' मध्ये बहुतेकांनी बेरीज केली होती. दोघांनी गुणाकार. 'भाजे□बेडसे' मध्ये एकाने रिक्षा काढली होती. '१२ □ ५ = ७' मध्ये मात्र प्रत्येकाने उणे चिन्ह काढलं होतं, लांब आणि रुबाबदार, मला हवं होतं अगदी तसं! आणि बाबांच्या फोटोखाली मी टाकलेल्या 'इ.स. १९४८ □ २०२४' वर बबिता नावाच्या मुलीने काट मारली होती.

"मोठ्यातनं लहान वजा जातं," ती मला म्हणाली. "तुमी उलटं लिव्हलंय." तिने खाली व्यवस्थित मांडलं होतं, २०२४ − १९४८ = ७६. माझ्याकडे तिने असं पाहिलं, की बाबांची लाल रेघ आठवली.

मी पेन्सिल घेऊन एका प्रतीतल्या चौकटी दुरुस्त करायला लागले. चौकटीत काय हवं ते कळायला वाक्य वाचावं लागतं. दुसरं वाचावं लागतं. असं करत करत मी पुस्तक पहिल्यांदाच वाचत एकेचाळिसाव्या पानावर आले.

'एक मुलगी पुण्यात नोकरी करते. महिन्यातले दोन रविवार ती वडिलांकडे येते. वर्षाचे रविवार बावन्न. तर ५२ □ २४ = किती रविवार वडील वाट पाहतात?'

मी पान बघितलं होतं. मीच त्याखाली आकडेमोडीला जागा सोडली होती. मागे उत्तरांच्या पानावर लिहिलं होतं, '२८. (फार नाहीत.)'

तेवढ्यात श्रद्धा मॅडमनी जाहीर केलं की सरांच्या कन्या आता दोन शब्द बोलतील. भाषण लिहून आणलं होतं, स्वच्छ अक्षरात, नेमक्या समासासह. ते गाडीत राहिलं. मी फळ्याजवळ, हार घातलेल्या फोटोसमोर उभी राहिले. शंभर मुलं, मॅडम, हातात डाव घेतलेल्या कमळाबाई, सगळे बघत होते.

"बाबा," मी म्हणाले, "पुस्तक वाचलं असं मी म्हणाले होते ना, ते खोटं होतं. आज वाचलं. आणि अठ्ठावीस फार होते."