पाच ग्रॅमचे बारा ग्रॅम

रसायनशास्त्राच्या बाईंनी बर्नरवरच्या मुशीचं झाकण चिमट्याने उचललं आणि आत डोकावलं. आत नुसती काळी पूड होती. झाकण उचलायची ही त्यांची सातवी खेप.

हिरव्या धातुकाची भुकटी कोळशात मिसळून तापवली की तांबं सुटतं, असं पुस्तकात साडेतीन ओळींत लिहिलेलं असतं. बाई ते फळ्यावर न अडखळता शिकवत. प्रत्यक्षात मात्र चार दिवस खपूनही तांब्याने त्यांना तोंड दाखवलं नव्हतं. त्यात बाई अजून प्रोबेशनवर. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे आज तपासणीचे साहेब ठरवणार होते, आणि साहेबांनी बघायला नेमका हाच प्रयोग मागितला होता. त्यांच्या देखत मुलांनी पाच ग्रॅम भुकटी तोलली, साहेबांनी वजनाच्या चिठ्ठीवर सही केली आणि अर्ध्या तासाने येतो म्हणून ते चहाला गेले.

त्यातली पंधरा मिनिटं संपली होती. मुलं मैदानावर होती. बाईंनी दाराकडे पाहिलं, कपाटातली तांब्याची तार काढली, तिचे बारीक तुकडे केले आणि मुशीत टाकून वर झाकण ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच लबाडी केल्यामुळे त्यांना दरदरून घाम फुटला, म्हणून त्या तोंड धुवायला गेल्या.

त्या गेल्या आणि प्रयोगशाळेचे मामा आत आले. मामांची नोकरी एकतीस वर्षांची. आधीच्या सरांच्या वेळी दर वर्षी या प्रयोगात तांबं निघायचं, कारण दर वर्षी मामा ते टाकायचे. सरांनी कधी विचारलं नाही, मामांनी कधी सांगितलं नाही. ‘पोरगी घाबरून अर्धी झालीय,’ असं पुटपुटत त्यांनी खिशातून जळक्या मोटरची तार काढली आणि चिमूटभर आत सोडली.

मामा पाणी आणायला बाहेर पडले, तोच मुख्याध्यापक “जरा बघून येतो” म्हणत साहेबांबरोबरचा चहा अर्धा सोडून धावत आले. बाई नापास झाल्या तर शाळेचा दर्जा घसरणार आणि खापर आपल्याच डोक्यावर फुटणार, या धास्तीने ते रात्रभर झोपले नव्हते. त्यांनी झाकण उचललं. वर काळंच दिसलं. मग त्यांनी स्कूटरच्या इंजिनातून काढून आणलेला तांब्याचा वॉशर आत टाकला आणि देवाचं नाव घेतलं.

ठरलेला अर्धा तास संपला, साहेब परतले आणि वर्ग भरला. मामांनी मूस पाण्यात उपडी केली, कोळसा धुऊन काढला आणि खाली उरलेलं टिपकागदावर ठेवलं. लालभडक तांब्याचा ढीग! बाई आधी सुखावल्या आणि मग चरकल्या. इतकं तर त्यांनी टाकलं नव्हतं.

“तोला,” साहेब म्हणाले.

पहिल्या बाकावरच्या मुलीने तोललं. “बारा ग्रॅम, सर.” मग ती विचारात पडली. “बाई, पाच ग्रॅममधून बारा ग्रॅम? आणि द्रव्य अक्षय्यतेचा नियम?”

“आणि ह्याला भोक कसं काय?” मागून कोणीतरी विचारलं.

साहेबांनी वॉशर बोटांत धरून उजेडात पाहिला. मुख्याध्यापक छताकडे पाहू लागले.

“मुलांनो, बाहेर जा,” साहेब शांतपणे म्हणाले. दार लागलं. “मामा, नव्याने पाच ग्रॅम भरा. कोळसा घाला आणि ठेवा बर्नरवर. आता मी इथून हलणार नाही.”

मामांनी घाईघाईत मूस भरून, झाकण लावून बर्नरवर ठेवली. कोळसा दुप्पट पडला, तेही त्यांना कळलं नाही. साहेबांनी खुर्ची ओढली. “आता बोला. कोणी टाकलं?”

“मी,” तिघं एकदम म्हणाले आणि एकमेकांकडे आ वासून बघत राहिले.

“सर, तुम्ही?” मुख्याध्यापकांकडे पाहून बाईंना रडू फुटलं. “साहेब, चूक माझीच. मला हे जमत नाही. चार दिवस केलं, काळंच राहतं. वाटलं, खरं सांगितलं तर नोकरी जाईल. घरी आई-बाबा माझ्यावरच आहेत हो.”

“तिचं काय ऐकता साहेब, मी एकतीस वर्षं टाकतोय,” मामा म्हणाले.

“वॉशर माझा आहे,” मुख्याध्यापक खाल मानेने म्हणाले. “स्कूटरमधून आता तेल गळतंय.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “मी बावीस वर्षं रसायन शिकवलं. मलाही तांबं कधी मिळालं नाही. मीही तारच टाकायचो. यंदा एक्केचाळीस शाळांत हा प्रयोग पाहिला, एक्केचाळीस ठिकाणी तांबं निघालं. मला वाटायला लागलं, जगात मीच एकटा ढ. बाई, तुम्ही खरं बोललात, फार बरं वाटलं.” आणि त्यांनी बाईंच्या कागदावर ‘कायम करावे’ असं लिहून सही ठोकली.

बाई पुन्हा रडल्या. मुख्याध्यापकांनी नव्याने चहा मागवला. चौघांच्या गप्पा अशा रंगल्या, की गॅस संपून बर्नर कधी विझला आणि मूस कधी थंडावली, कोणाला पत्ता लागला नाही. या सगळ्या वेळात तिचं झाकण एकदाही उघडलं नव्हतं.

शेवटी मामांनी ती धुवायला घेतली आणि ते जागीच थिजले. “साहेब...”

मुशीच्या तळाशी लालसर कण चमकत होते.

“आता कोणी टाकलं?” साहेब ओरडले.

“शप्पथ, साहेब! तुम्ही समोरच होता!”

साहेबांनी स्वतः कण वाळवले, स्वतः तोलले. पावणेदोन ग्रॅम. तारेचा तुकडा नाही, भोक नाही. म्हणजे पुस्तक खरंच होतं. साहेबांचा चेहरा उतरला. ते विद्यार्थ्यासारखे बाईंसमोरच्या बाकावर बसले, वही उघडली आणि आवाज खाली आणून म्हणाले, “बाई, पहिल्यापासून सांगता का जरा?”