काठी उभी राहीना

खळ नीट शिजली की तिच्यात रोवलेली काठी क्षणभर उभी राहते आणि मग विचार करून कलंडते. आज ती विचार न करताच आडवी झाली आणि पातेल्याच्या काठावर वाजली.

पुस्तकं बांधणाऱ्याने मूठभर मैदा कालवून आत ओतला. खळ घट्ट झाली, त्याचा जीव भांड्यात पडला. पण उकळी फुटली तशी ती पुन्हा पाण्यासारखी पातळ. त्याने थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, खळ धरतच नाहीये गं."

"आच वाढव. तुझं मेलं सगळंच मंद आचेवर! बायकोला उत्तर दिलंस का?"

"हातातलं काम सुटू दे."

बायकोला कारखान्याने बढती देऊन दुसऱ्या गावी बोलावलं होतं. तिला उद्या हो-नाही कळवायचं होतं आणि आपण सोबत जाणार की नाही, हे तो कित्येक महिने सांगत नव्हता. "तो शब्दकोश सुटला की सांगतो," एवढंच म्हणायचा. एका गिऱ्हाइकाच्या जाडजूड शब्दकोशाला त्याने पुठ्ठा उलटा चिकटवला होता, आणि त्याची खळ अशी पक्की, की सोडवायला जावं तर पानंच फाटावीत.

त्याने आच वाढवली. पातेलं पुरेना म्हणून टोप आला, मैदा संपला म्हणून घरातलं पीठ आलं. बायको कामावरून परतली तेव्हा तो घामाघूम होऊन टोप ढवळत होता.

"अहो, पंगत बसणार आहे का?"

"खळ आहे ही! मैदेवाल्याने गंडवलं."

तिची नजर टेबलावरच्या तपकिरी बाटलीवर गेली. "ही फ्रीजमधली घातलीत यात?"

"कीड लागू नये म्हणून घालतो ना, ते औषध संपलं होतं. मला वाटलं, तूच नवं आणून ठेवलंस. एकच चमचा."

बायको स्टुलावर टेकली. "कारखान्याच्या प्रयोगशाळेतला फ्रीज बिघडला म्हणून घरी आणली होती. उकळत्या झऱ्यात राहणाऱ्या जिवाणूंचं एन्झाइम आहे ते. पिठाचे तुकडे करून साखर करतं. पाक बनवणारे नेतात, कापडाची कांजी काढणारे नेतात."

"पण मी चांगलं खदखदून उकळलंय!"

"दुसरं असतं तर निकामी झालं असतं. याचं उकळी म्हणजे माहेर. तुम्ही आच वाढवून माहेरपण केलंत."

त्याने रागारागाने टोप उचलला. टोपाचे कान तापलेले होते. टोप कलला आणि ते गोडसर पाणी टेबलभर धावत थेट शब्दकोशाखाली शिरलं.

"मेलो!"

"पुसू नका. असू दे तसंच," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

ती कप घेऊन आली तोवर पुठ्ठ्याचा कोपरा उचलला गेला होता. त्याने हलकेच ओढला. पिकल्या केळ्याच्या सालीसारखा अख्खा पुठ्ठा हातात आला. पानं ओलसर, पण एकही फाटलं नव्हतं.

त्याने पुठ्ठा सुलटा करून बाजूला ठेवला, मग पुन्हा उलटा करून पाहिला. बायको चहा पीत होती.

"सुटला," तो म्हणाला.

"हं."

काठी अजून टेबलावर आडवी पडली होती. त्याने ती पुसून कोपऱ्यात उभी केली.

"तुझ्यासोबत येतो मी," तो म्हणाला. "तिथे फ्रीज मात्र दोन घेऊ."