बिनचंद्राचा ठसा

जुन्नरचा जगाशी असलेला व्यापार दोन हजार वर्षांचा आहे. नाणेघाटातून परदेशचा माल वर यायचा आणि जुन्नरची कीर्ती खाली जायची, असं आमच्याकडे प्रत्येक समारंभात प्रमुख पाहुणे सांगतात आणि मग उशीर झाल्याबद्दल क्षमा मागतात. या व्यापाराचा मी डोळ्यांनी पाहिलेला पुरावा एकच. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून एका पत्र्याच्या गाळ्यात बबनराव चीन देशाची मिठाई करत, आणि गिऱ्हाईक आलं की ती विकायला नकार देत.

"ताजी आहे ना?" गिऱ्हाईक सवयीनं विचारी.

"ताजी हाय. म्हनूनच द्येत न्हाई. परवा या."

"मग कालची द्या."

"कालची बी नाय झाली अजून. त्या डब्यात परवाची हाय, ती घ्या."

गिऱ्हाईक बिचकायचं. मिठाईवाल्यानं शिळा माल ताजा म्हणून विकावा हा गावाचा रिवाज. हा माणूस शिळा माल शिळा म्हणून विकत होता, आणि वर भट्टीतून निघालेला गरम माल झाकून ठेवत होता. बबनरावांचं म्हणणं असं, की हा पदार्थ भट्टीतून निघतो तेव्हा वरून लाकडासारखा टणक असतो. दोन-तीन दिवस ठेवला की आतल्या सारणाचं तेल वरच्या पारीत उतरतं आणि ती मऊ होते. "आज ह्यो नुसता भाजलाय, राव. अजून झाला न्हाई." एवढं ऐकूनही कुणी घड्याळाकडं पाहिलं, की ते शेवटचं वाक्य टाकायचे, "गडबड आसंल तर बुंदी घ्या."

जुन्नरला बहुतेक वेळा गडबड असते. जुन्नर बुंदी घेई.

गल्लीत बबन दोन होते. एक गिरणीचा बबन, म्हणून हा चिनी बबन. चेहऱ्यात चिनी काही नव्हतं. घोडेगावच्या वरच्या अंगाचा काळा, काटक माणूस, वर टोकदार मिशी. तरुणपणी मुंबईला गेले आणि माझगावात एका चिनी कुटुंबाच्या बेकरीत लागले. आधी परातींची घासाघास, मग भट्टी आणि शेवटी ज्या टेबलावर घरच्यांखेरीज कुणी हात लावत नसे त्या टेबलावर त्यांना जागा मिळाली. पुढं ते कुटुंब कॅनडाला गेलं. जाताना शेटनं फुलं आणि चिनी अक्षरं कोरलेले लाकडी साचे बबनरावांच्या हातात दिले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते साचे, बायको शेवंताबाई आणि मुलगा मिलिंद एवढं घेऊन ते जुन्नरला आले.

पदार्थाचं चिनी नाव ते घशातून काढत. मला ते लिहिता येत नाही. गावानं त्याला 'ठसा' म्हणून टाकलं. शेवंताबाई लाल चवळी शिजवून, वाटून, साखर-तेलात कढई सोडेपर्यंत परतायच्या. बबनराव गुळाच्या पाकात भिजवलेल्या पिठाची पातळ पारी करून त्यात तो गोळा भरत, साच्यात तळहातानं दाबत आणि साचा टेबलावर डावीउजवीकडं आपटून पालथा करत. कोरीव फूल अलगद बाहेर पडे. मधोमध मिठात मुरवलेल्या अंड्याचं पिवळं. "ह्यो चंद्र," ते सांगत. यंत्र म्हणून गाळ्यात एक पंखा होता, आणि तोही पिठावर वारं नको म्हणून बंद असे.

विक्रीची कला त्यांना कुणी शिकवली नव्हती. एकानं विचारलं, "यात चरबी नाही ना?" दुसरा दुकानदार "छे छे" म्हणून मोकळा झाला असता. बबनराव म्हणाले, "शेटकडं डुकराची व्हती. लई झ्याक पदर सुटायचं. हितं शेंगतेल घालतो, पर ती मजा न्हाई." गिऱ्हाईक त्या मजेचं वर्णन पूर्ण व्हायच्या आत गल्लीच्या टोकाला पोचलं होतं.

एकदा एका पतसंस्थेचे चेअरमन स्वतः आले. नव्या शाखेचं उद्घाटन होतं आणि पाहुण्यांना काहीतरी 'इंटरनॅशनल' द्यायचं मनात होतं.

"उद्या सकाळी पाहिजेत."

"उद्या मिळायला परवा सांगायला पायजे व्हतं."

"अहो बबनराव, आज केलेले द्या. मोठी माणसं येणार आहेत, त्यांना काय शिळं खायला घालू?"

"मोठी मान्सं परवा येत न्हाईत का?"

चेअरमननी बुंदी नेली. पाहुणे इतक्या उशिरा आले, की तोवर बुंदीही परवाची वाटायला लागली होती.

बबनरावांच्या वर्षात महत्त्वाचा दिवस एकच, भाद्रपदातली पौर्णिमा. शेटच्या घरी त्या संध्याकाळी चंद्र उगवला की सगळं घर एकत्र बसे. एक ठसा मध्ये ठेवून घरात जितकी माणसं तितके तुकडे करत. जो घरी नसेल त्याचाही तुकडा कापत. बबनरावांनी हा एक सण तिकडून उचलला होता. बाकी देवधर्म त्यांच्याकडं बेताचा. "वर्सातनं यकदा समद्यांनी बसायचं. बास," ते म्हणत. ते टाळलं, की त्या कुटुंबात पुढं काही बरं होत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती.

आमच्या पंचांगात ही पौर्णिमा वाईट ठिकाणी येते. आदल्या दिवशी गणपती बुडालेले असतात आणि दुसऱ्या दिवशी पितृपक्ष लागतो. एका बाजूला मोदकांचं अजीर्ण, दुसऱ्या बाजूला मेलेली माणसं. मध्ये बबनरावांचा सण. विक्री शून्य.

ती एका दहाव्यानं वाढवली.

आमच्या गल्लीतले निवृत्त तलाठी तात्या वारले. दहाव्याला कुकडीकाठी पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. मुलांनी हात जोडून सांगितलं, आईला सांभाळू. कावळा फांदीवर. थोरल्यानं धाकट्याकडं बघत जाहीर केलं, की बांधाचा दावा मागं घेतो. कावळ्यानं मान दुसरीकडं वळवली. तात्यांना तलाठी म्हणून खोटं ओळखायची सवय होती, ती सुटली नसावी. ऊन चढलं. गुरुजींना पुढचा दहावा होता. शेवटी तात्यांच्या बायको, भागीरथीकाकू, पदराआडून म्हणाल्या, "अरे, त्यांना ठसा आवडायचा. साखरेमुळं मी खाऊ देत नव्हते."

पुतण्या मोटरसायकलवरून गाळ्यावर आला.

"एक ठसा द्या. लवकर."

"कुनाला?"

"तात्यांना."

"तात्यांना व्हय?" बबनरावांनी डबा उघडला. "त्यांना परवाचाच द्येतो. ताजा सोसायचा नाय."

ठसा पानावर नीट टेकला पण नव्हता, तेवढ्यात कावळा आला. तेलाचा वास असेल. पण असली कारणं सांगणारा माणूस दहाव्याला कुणालाच नको असतो. बातमी संध्याकाळपर्यंत तालुकाभर झाली. त्या भाद्रपदात पहिल्यांदा गाळ्यापुढं रांग लागली. ओतूरहून, घोडेगावहून माणसं येऊ लागली. कुणाचे वडील, कुणाची चुलती, कुणाचा सासरा. त्यांतल्या कुणीही हयातीत ठसा खाल्ला नव्हता.

बबनरावांच्या वडिलांनी छप्पन्न साली बौद्ध धर्म घेतला तेव्हाच घरातली पित्रं बंद केली होती. कावळ्याला घास ही गोष्ट त्यांच्या घरात हसण्यावारी जाई. आणि रांगेत उभ्या असलेल्या घरांपैकी काहींत बबनरावांना अजून ओसरीवर वेगळ्या कपात चहा मिळे. जिवंत मंडळींना न चालणारा हात त्यांच्या मेलेल्यांना मात्र चालला. हे मी त्यांना बोलून दाखवलं, तर म्हणाले, "मेल्यावर मान्सं सुदारत्यात, मास्तर."

पण त्यांना खरं लागलं ते निराळंच. पितरांना अंडं चालत नाही. हयातीत ज्यांना एक कोंबडी पुरत नसे त्यांनाही मेल्यावर चालत नाही. गिऱ्हाइकं सांगू लागली, मधलं पिवळं काढून द्या. बबनरावांनी हातातला साचा खाली ठेवला. मग म्हणाले, "ही जित्या मान्सांनी मिळून खायची वस्तू हाय. कावळ्यासाठी चंद्र काढू?"

शेवंताबाई आतून म्हणाल्या, "द्या वो काढून. मिरवतायत चंद्राला. घरात तेलमीठ लागतं का नाय?"

त्या वर्षापासून बिनचंद्राचा ठसा सुरू झाला, आणि तोच खपला. चंद्राचा ठसा वर्षात एकच होई, पौर्णिमेला घरी कापायचा.

या सगळ्यात मिलिंद मोठा झाला. बारावी त्यानं दोनदा दिली, आणि दोन्ही वेळा बारावीनं त्याला परत पाठवलं. दोन हजारच्या आसपास गावोगाव लाल रंगाच्या गाड्या लागू लागल्या होत्या. त्यांवर आग ओकणाऱ्या अजगराचं चित्र असे आणि अक्षरं असत, 'चायनीज'. मिलिंदनं एस.टी. स्टँडजवळ तशी गाडी टाकली. बबनराव पाहायला गेले. मीही बरोबर होतो.

"ह्ये लाल लाल काय हाय?"

"मंचुरियन."

"म्या शेटच्या घरी इतकी वर्सं जेवलो. ह्यो पदार्थ कदी बघितला न्हाई."

मिलिंदनं कढई हलवत मान वर न करता सांगितलं, "मग त्यांना चायनीज येत नसेल."

गाडीवरची पोरं हसली. बबनराव माझ्याकडं वळले. "शेटला चिनी येत न्हाई म्हनतो ह्यो!"

"आबा, लोकांना भूक आत्ता लागते. तुमचा माल परवा होतो. आणि तो पण कावळे खातात."

त्यानंतर बापलेक बोलले नाहीत. मिलिंदनं गाडी नारायणगावला हायवेवर नेली. तिथं ती चांगली चालली. तो तिकडंच राहिला, तिकडंच लग्न केलं. लग्नाची बातमी बबनरावांना गिऱ्हाइकाकडून कळली.

पौर्णिमेला बसायला आता दोनच माणसं होती. मग शेवंताबाई मला हाक मारू लागल्या. बबनराव सुरी घेऊन फार विचारपूर्वक कापत. शेटचा, शेटच्या बायकोचा, दोन मुलींचा. "त्यांची लग्नं झाली आसत्याल," म्हणून अंदाजानं दोन जावयांचे. मिलिंदचा. पुढं न पाहिलेल्या सुनेचा. न आलेली माणसं वाढत गेली आणि ठसा तेवढाच राहिला, त्यामुळं हजर असलेल्यांच्या वाट्याला सुपारीच्या खांडाएवढं काहीतरी येई. ते आम्ही तिघं चघळत बसू. परात भरलेली असे.

मग एका उन्हाळ्यात शेवंताबाई गेल्या. मिलिंद आला, खांदा दिला, लांब उभा राहिला आणि गेला. त्या भाद्रपदात बबनरावांनी एकट्यानं चवळी परतली. पौर्णिमेला मी गेलो तेव्हा ते कापत होते. मी विचारलं, "वहिनींचा तुकडा?"

"मेलेल्यांना कावळं हायत, मास्तर. ह्ये लांब ऱ्हायलेल्यांचं."

आणि नेमक्या त्याच वेळी गल्लीत मोटरसायकल थांबली. मिलिंद होता. मागं त्याची बायको, वैशाली. बबनरावांची सुरी हवेत राहिली. पण मिलिंद सणाला आला नव्हता. आज पौर्णिमा आहे हे त्याला माहीत असेल असंही दिसत नव्हतं. तो उभ्यानंच बोलू लागला. पाठ करून आलेला असावा.

"हे बघा आबा. गाळा बाजारपेठेत आहे. तुमच्याच्यानं आता एकट्यानं होत नाही. वर्षातनं पंधरा दिवस चालतं, तेही कावळ्यांच्या जिवावर. मी इथं चायनीज सेंटर टाकतो. हा गाळा मला—"

"घे."

"नाही, म्हणजे माझं म्हणणं असं, की—"

"घे म्हनलं ना. चावी खिळ्याला हाय. आता बसा. दोगंबी बसा."

मिलिंदनं भांडणाची सगळी तयारी केली होती, ती तशीच घेऊन तो बसला. बबनरावांनी परात पुढं सरकवली. एक तुकडा त्याला, एक सुनेला. स्वतःचा हातात धरला आणि दोघांकडं पाहत राहिले. परातीतले तुकडे पहिल्यांदा कुणी खाणार होतं.

मिलिंदनं खाल्ला. "चांगलाय," तो म्हणाला. लग्नाच्या पंगतीत म्हणतात तसा. वैशालीनं कोपरा तोडला, चंद्राचा कण जिभेवर ठेवला, आणि खरं बोलली.

"आबा, छानाय. पण गोड लई होतंय. जरा तिखट काही आहे का याच्यासंगं?"

"वैशाली!" मिलिंद दबक्या आवाजात म्हणाला.

बबनराव उठले. हातातला तुकडा डब्यावर ठेवला, चपला घातल्या आणि बाहेर गेले. आम्ही तिघं बसलो. वैशालीचा चेहरा उतरला होता. "मास्तर, आता येतात का नाही ते?" मिलिंदनं विचारलं. या माणसानं आयुष्यात ठशाबरोबर कुणाला चहासुद्धा पिऊ दिला नव्हता.

ते परत आले तेव्हा हातात दोऱ्यानं बांधलेली प्लास्टिकची छोटी पिशवी होती. स्टँडजवळच्या चायनीजच्या गाडीवरची शेजवान चटणी. दोरा दातानं तोडून त्यांनी ती डब्याच्या झाकणात ओतली आणि झाकण सुनेपुढं ठेवलं.

"घे गं. खा."

वैशालीनं ठसा चटणीत बुडवून खाल्ला. आवडला. मिलिंदचा उरलेला खाल्ला. मग ती परातीकडं बघू लागली. बबनरावांनी परातच तिच्याकडं सरकवली. शेट, शेटची बायको, दोन्ही मुली आणि अंदाजानं धरलेले दोन जावई, असं कॅनडातलं सगळं कुटुंब तिनं एकेक करून चटणीला लावून संपवलं. बबनराव मांडी घालून ते पाहत होते. आपला तुकडा खायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एक ठसा आणि थोडी चटणी घरी आणून खाऊन पाहिली. शेजवान चटणीबरोबर ठसा अजिबात चांगला लागत नाही.